वीस प्रश्न आणि एक पेढा

डायबेटिसवर लिहिलेला सर्वांत चांगला मजकूर कोणता असं कुणी विचारलं, तर मी कादंबरीचं नाव घेणार नाही आणि सिनेमाचंही नाही. मी एका फॉर्मचं नाव घेईन. पानभर मजकूर, वीस मुद्दे, प्रत्येक मुद्द्यासमोर शून्य ते चार असे आकडे. ही गोष्ट तुम्हाला सध्या किती छळते, त्या हिशोबानं एका आकड्याला गोल करायचा. सगळ्या आकड्यांची बेरीज करून सव्वानं गुणलं की शंभरापैकी मार्क मिळतात. चाळीस किंवा जास्त आले, तर माणूस आजारापेक्षा आजार सांभाळण्यानं जास्त दमलाय असं समजायचं. फॉर्मचं नाव 'पेड'. 'प्रॉब्लेम एरियाज इन डायबेटिस' याचं ते लघुरूप. बॉस्टनच्या जोसलिन डायबेटिस सेंटरमधले मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली तो प्रसिद्ध केला.

फॉर्मचं कसलं आलंय परीक्षण, असं वाटेल. पण मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा चांगली कथा वाचताना होतं तसं झालं. हे आपल्याला माहीत होतं, फक्त कुणी म्हटलं नव्हतं. मला बाराव्या वर्षापासून टाइप वन डायबेटिस आहे, तेव्हा मी काही तटस्थ समीक्षक नाही, हे सांगून टाकते. पण आजारी माणसाला आपल्या आजारावरचं सगळंच लेखन आवडतं असंही नाही. उलट बहुतेक वेळा चीडच येते. या फॉर्मची आली नाही, आणि का आली नाही हे शोधताना बाकीच्या गोष्टींची का येते तेही थोडं कळलं.

भारतात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे, असा आयसीएमआर-इंडियाब या पाहणीचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या घरात, नाहीतर शेजारच्या घरात, एक छोटं यंत्र आणि पट्ट्यांची डबी आहे. इतक्या घरांमधली ही गोष्ट पडद्यावर आणि कागदावर येते तेव्हा मात्र तिचे दोनच प्रसंग उरतात. लाडू आणि झटका.

लाडूचा प्रसंग तुम्ही मालिकांमध्ये पाहिलाय. घरातले आजोबा रात्री दबक्या पावलांनी स्वयंपाकघरात जातात, डब्याचं झाकण वाजतं, दिवा लागतो, मागे सूनबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. हशा. डायबेटिस म्हणजे म्हातारपणीचा खट्याळपणा. हा विनोद चालतो, कारण पकडला गेलेला माणूस आता ओशाळणार एवढंच आपण गृहीत धरलेलं असतं. दिवा पुन्हा बंद झाल्यावर त्याला काय वाटतं, हे कॅमेरा कधीच बघत नाही. आपल्याच घरात चोर ठरलेला सत्तर वर्षांचा माणूस, हा खरं तर भयंकर प्रसंग आहे.

झटका हा थ्रिलरवाल्यांचा लाडका. डेव्हिड फिंचरच्या 'पॅनिक रूम'मध्ये (२००२) घरात चोर शिरतात, आई आणि मुलगी एका पोलादी खोलीत अडकतात, आणि मुलीची शुगर उतरू लागते. तिच्या मनगटावरच्या यंत्रातला आकडा घसरत जातो. इथे डायबेटिस म्हणजे टायमर. बॉम्बवर लाल आकडे उलटे पळतात तसे. क्रिस्टोफर नोलनच्या 'मेमेंटो'मध्ये (२०००) इन्शुलिन हे खुनाचं नाहीतर आत्महत्येचं हत्यार होतं, नेमकं कशाचं ते सिनेमा मुद्दाम धूसर ठेवतो. दोन्ही सिनेमे मला आवडतात. पण दोन्हींमध्ये डायबेटिस असलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय हा प्रश्नच उद्भवत नाही. सुई कुठे आहे, एवढाच उद्भवतो.

'स्टील मॅग्नोलियाज'ची (१९८९) गोष्ट वेगळी. रॉबर्ट हार्लिंगनं हे मूळ नाटक आपल्या बहिणीच्या मृत्यूनंतर लिहिलं. तिला डायबेटिस होता. नाटक सगळंच्या सगळं एका ब्युटी पार्लरमध्ये घडतं, सिनेमा बाहेरही जातो. लग्नाच्या दिवशी केस करून घ्यायला बसलेल्या शेल्बीची, म्हणजे ज्यूलिया रॉबर्ट्सची, शुगर एकदम उतरते. आई तिच्या तोंडाला बळंच ज्यूस लावते, ती हात झटकते. अमेरिकेत टाइप वन असलेल्यांच्या दोन-तीन पिढ्या या एका प्रसंगाला वैतागल्या आहेत, कारण ओळख झाली की समोरचा त्याचीच आठवण काढतो. मला त्या प्रसंगात ज्यूसपेक्षा दुसरी गोष्ट टोचते. शेल्बी सावरत असताना, ती तिथेच खुर्चीत असताना, तिची आई इतर बायकांना सांगते की हिला मूल होऊ देऊ नका असं डॉक्टर म्हणालेत. तिच्या शरीराची चर्चा तिच्या डोक्यावरून. हार्लिंगला हे दिसलं, ही त्याची ताकद. पण पुढे कथा शेल्बीला मूल देते, तिची मूत्रपिंडं निकामी करते आणि तिला मारते. तिनं काहीतरी जास्त मागितलं आणि त्याची किंमत मोजली, असा तो आकार आहे. आज नीट देखरेखीखाली टाइप वन असलेल्या बायकांची बाळंतपणं होतात. तरीही हा आकार अजून लोकांच्या डोक्यात आहे, आणि तो पडद्यावरून थेट सोयरिकीच्या बैठकीत येऊन बसतो.

खरं तर लेखकांचीही अडचण आहे. इन्शुलिनच्या आधी टाइप वन ही ट्रॅजेडी होती. मूल वाळत जायचं आणि काही महिन्यांत, फार तर दोनेक वर्षांत जायचं. सुरुवात, मध्य, शेवट. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन दिलं गेलं. पहिली खेप अशुद्ध निघाली, दुसरी लागू पडली, तो पुढे तेरा वर्षं जगला. त्या दिवसापासून या आजाराचा साहित्यप्रकारच बदलला. ट्रॅजेडीची डेली सोप झाली. रोज तोच भाग, रोज तेच प्रश्न, आणि शेवट नाही. कॅन्सरच्या वाट्याला 'आनंद'सारखा सिनेमा आला, कारण तिथे मरण पहिल्या रिळापासून दारात उभं असतं आणि त्याच्यासमोर माणूस हसतो. सूझन सोंटॅगनं १९७८ साली 'इलनेस ॲज मेटाफर' लिहिलं तेव्हा तिनं क्षय आणि कॅन्सर निवडले. एकाला लोकांनी प्रेमाचा आजार केलं होतं, दुसऱ्याला दाबून ठेवलेल्या भावनांचा. डायबेटिसच्या वाट्याला असलं भव्य रूपक कधी आलंच नाही. त्याच्या वाट्याला लाडू आला.

*

आता त्या फॉर्मकडे. तो १९९५ सालीच का आला? त्याच्या दोनच वर्षं आधी, १९९३ साली, अमेरिका आणि कॅनडात झालेल्या डीसीसीटी या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले होते. टाइप वनमध्ये शुगर जितकी काटेकोर ठेवाल, तितका डोळे, मूत्रपिंड आणि नसांना होणारा धोका कमी, हे त्यातून पक्कं झालं. फार मोठी बातमी होती ती. आज माझी दृष्टी शाबूत आहे यात तिचा वाटा आहे. पण त्याच चाचणीत असंही दिसलं की काटेकोर गटात शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रकार जवळपास तिप्पट झाले. म्हणजे माणसाला सांगितलं गेलं की कड्याच्या जितकं जवळून चालशील तितका सुरक्षित राहशील, फक्त पडू नकोस. आणि हे रोज. दिवसातून चारदा बोट टोचून, चारदा सुई घेऊन, प्रत्येक घासाचा हिशोब ठेवून. तीन महिन्यांनी एचबीएवनसी नावाचा निकाल. सातच्या आत आलात तर शाबास.

या नव्या शिस्तीनं माणसांचं काय होतंय हे विचारायला कुणीतरी हवं होतं. पोलोन्स्कींनी ते विचारलं आणि त्याला 'डायबेटिस डिस्ट्रेस' असं नाव दिलं. हे डिप्रेशन नव्हे, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. डिप्रेशन हा स्वतंत्र आजार आहे, त्याची औषधं आहेत, आणि डायबेटिस असलेल्यांत तो जास्त आढळतो हेही खरं. पण डिस्ट्रेस असलेला माणूस ऑफिसला जातो, सिनेमाला जातो, हसतो. त्याला फक्त या एका गोष्टीचा वीट आलेला असतो. कष्ट मोठे आणि सुट्टी नाही, अशा परिस्थितीला शहाण्या माणसानं दिलेली ती शहाणी प्रतिक्रिया आहे.

'डिस्ट्रेस'ला मराठीत काय म्हणावं यावर मी बराच विचार केला. 'ताण' फार ऑफिशियल. 'क्लेश' पोथीतला. 'वैताग' जवळचा आहे, पण वैताग जातो. मला 'जाच' हा शब्द बरोबर वाटतो. जाच नेहमी घरातल्या घरात असतो, करणारा सोडून जात नाही, आणि बाहेरच्यांना दिसत नाही.

फॉर्मचं शिल्प साधं आहे. एकही प्रश्न आकड्याविषयी नाही. तुमची शुगर किती, हे तो विचारतच नाही. डॉक्टर, आई, मावशी, ऑफिसातला सहकारी, सगळे ज्या प्रश्नानं सुरुवात करतात तोच इथे गायब. त्याऐवजी तो विचारतो की खाण्यापिण्याच्या बाबतीत आपण वंचित आहोत असं वाटतं का. सतत अन्नाचाच विचार डोक्यात असतो का. पुढे काय होईल याची भीती वाटते का. चुकलं की अपराधी वाटतं का. यात एकटं पडल्यासारखं वाटतं का. आणि अगदी शेवटचा, विसावा मुद्दा: या अखंड खटाटोपानं मेटाकुटीला आलात का. क्रमही बघण्यासारखा आहे. पहिला मुद्दा उपचारांची ध्येयं स्पष्ट नसण्याबद्दल, अगदी व्यवहारी. तिथून हळूहळू आत जात राग, अपराध आणि एकटेपणा यांच्यापर्यंत तो येतो. उत्तर देणाऱ्याला आधी बसायला खुर्ची द्यायची आणि मग विचारायचं, ही चांगल्या मुलाखतकाराची रीत आहे.

माझा आवडता मुद्दा सातवा. आपला आत्ताचा मूड डायबेटिसमुळे आहे की नाही, हे न कळणं. एवढंच. पण यात एक अख्खी कादंबरी दडलेली आहे. शुगर सत्तरच्या खाली गेली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, माणूस चिडतो. हीच सगळी लक्षणं भीतीची आहेत, रागाची आहेत, कधीकधी प्रेमात पडल्याचीसुद्धा. उलट बाजूनं, खरोखर भांडण झालं, परीक्षा आली, कुणी आजारी पडलं, की कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन शुगर वाढवतात. म्हणजे मन आकडा हलवतं आणि आकडा मन हलवतो. मग आत्ता जे वाटतंय ते माझं की माझ्या रक्ताचं? तत्त्वज्ञानाच्या वर्गात 'मी म्हणजे कोण' विचारतात तेव्हा मुलं खिडकीबाहेर बघतात. इथे तोच प्रश्न मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता बिस्किट खावं की नाही यासाठी सोडवावा लागतो.

आणि घरात या प्रश्नाचं काय होतं? भांडण रंगात आलेलं असतं, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर असतो, आणि समोरून अगदी मायेनं येतं, "तुझी शुगर कमी झालीये का गं?" झालं. आता तुम्ही काहीही बोललात तरी ते लक्षण. राग येण्याचा हक्क गेला. हे वाक्य प्रेमातून येतं हाच त्याचा त्रास आहे.

सिनेमात हा सातवा मुद्दा मला एकाच ठिकाणी सापडला, आणि तोही अनपेक्षित. 'गॉडफादर' मालिकेतला तिसरा सिनेमा (१९९०) बहुतेकांना आवडत नाही. पण त्यात म्हातारा मायकेल कार्डिनल लाम्बेर्तोशी बोलत असताना त्याची शुगर उतरते. घाईघाईनं संत्र्याचा रस आणि गोड गोळ्या आणल्या जातात. त्यानंतर त्या बागेत, आयुष्यात कुणापुढे न वाकलेला हा माणूस भावाच्या खुनाची कबुली देतो. कबुली पापाच्या ओझ्यानं दिली की शरीर ढिलं पडल्यामुळे? सिनेमा सांगत नाही. झटका इथेही आहे, पण तो घड्याळासारखा वापरलेला नाही, दारासारखा वापरलाय. कोपोलाला डायबेटिसवर काही म्हणायचं होतं असं मला वाटत नाही. तरी म्हटलं गेलं.

*

फॉर्मची एक अडचण आहे. तो बॉस्टनचा आहे. तिथल्या माणसाच्या अपराधी वाटण्याची वीण वेगळी, आपली वेगळी. आणि आपली वीण आपल्या भाषेत आहे.

मराठीत आपण पथ्य 'पाळतो'. व्रतही पाळतो, सुतक पाळतो, वचन पाळतो, शिवाशिव पाळायचो. आणि पथ्य चुकलं की ते 'मोडतं', जसा उपास मोडतो. इंग्रजीत डाएट घसरतं, मराठीत पथ्य मोडतं. भाकरीबरोबर गुळाचा खडा खाल्ला हा एवढासा प्रसंग क्रियापदामुळे धर्मभंग होतो. मग माणूस काय करतो? लपवतो. तपासणीच्या आधीचे चार दिवस कडक राहतो, वहीत आकडे बरे करून लिहितो. डॉक्टर त्या वहीवरून डोस ठरवतात. चोरून खाल्लेल्या लाडवानं होतं त्याहून जास्त नुकसान या खोट्या आकड्यानं होऊ शकतं. लाडवाच्या विनोदात हा भाग नसतो.

हे फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितलेत, एक जन्मजात आणि दुसरा 'अपथ्यनिमित्तज'. दोष नावातच आहे. चरकाच्या कारणांच्या यादीत बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, गूळ, नवं धान्य असं सगळं येतं. निरीक्षण म्हणून ते थक्क करणारं आहे, टाइप टूबद्दल आजचं विज्ञान काही बाबतीत याच दिशेनं बोलतं. पण 'सुख' हा शब्द पाहा. ज्यानं सुख घेतलं त्याला हे झालं. (प्रमेहाचे एकूण प्रकारही वीसच मानलेत. योगायोग आहे, पण मला गंमत वाटली.) त्यानंतर कितीतरी शतकांनी, सतराव्या शतकात, इंग्लंडमध्ये थॉमस विलिस नावाच्या डॉक्टरनं या आजाराचं कारण दीर्घकाळचं दुःख हे असू शकतं असं लिहिलं. कारण म्हणून ते आज कुणी जसंच्या तसं मान्य करणार नाही. पण सुख की दुःख, या दोन खुर्च्यांपैकी आपण रोग्याला नेहमी पहिलीतच बसवलं आहे. टाइप वनमध्ये तर शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या पेशी मारते, त्यात कुणाच्या खाण्याचा संबंध नाही. तरी बारा वर्षांच्या मुलीच्या आईला लोक विचारतात, "लहानपणी चॉकलेट फार दिलंत का हो?"

आणि दुसऱ्या बाजूला साखर. आपल्याकडे आनंदाचा दुसरा शब्दच नाही. तोंड गोड करायचं, गोड बातमी द्यायची, साखरपुडा करायचा, साखरझोपेत असायचं, संक्रांतीला गोड बोलायचं. पेढा नाकारणं म्हणजे बातमी नाकारणं. त्यामुळे जी मावशी कार्यक्रमाच्या सुरुवातीला "एकानं काय होतंय, घे" म्हणते, तीच शेवटी भरल्या पंगतीत "अगं, तुला शुगर आहे ना?" असंही विचारते. पेड फॉर्मच्या चौथ्या मुद्द्यात काय खावं हे लोकांनी सांगणं, असं उदाहरण दिलेलं आहे. आपल्याकडे त्याचे दोन मुद्दे करावे लागतील. खाऊ नकोस म्हणणाऱ्यांचा एक आणि खाच म्हणणाऱ्यांचा एक, आणि दोन्ही माणसं एकच असली तर बोनस मार्क.

सल्ले देणाऱ्यांचं सर्वांत नेमकं मराठी चित्रण पुलंनी केलंय, 'बटाट्याची चाळ'मधल्या 'उपास'मध्ये. विषय वजन कमी करण्याचा आहे, डायबेटिसचा नाही. पण चाळीतला प्रत्येक माणूस ज्या आत्मविश्वासानं 'हे सोडा, ते सोडा' सांगत येतो, तो मी जसाच्या तसा ओळखते. आमच्याकडे तो कारल्याचा रस, मेथीचे दाणे आणि कुठल्याशा झाडाची पानं घेऊन येतो. पुलंचा विनोद निखळ राहतो, कारण त्यांच्या निवेदकाला शेवटी सगळं सोडून देता येतं. वजन तर वजन. टाइप वनमध्ये इन्शुलिन सोडून पानं खायला लागलेला माणूस काही दिवसांत आयसीयूत पोचतो. तो विनोद आमच्या घरी आला की त्याचा शेवट बदलतो.

*

यावर कुणी काही चांगलं लिहिलंच नाही असं नाही. मोठ्यांच्या साहित्यापेक्षा ते मुलांच्या पुस्तकात सापडतं, हे मात्र नोंदवण्यासारखं. ॲन एम. मार्टिनच्या 'द बेबी-सिटर्स क्लब' मालिकेतलं 'द ट्रूथ अबाउट स्टेसी' (१९८६) हे तिसरं पुस्तक. पुढे त्याचं चित्ररूप पुस्तक आलं आणि २०२० साली नेटफ्लिक्सवरच्या मालिकेत भागही आला. बारा-तेरा वर्षांच्या स्टेसीला डायबेटिस आहे, आणि न्यूयॉर्कमध्ये आजारपणाच्या काळात तिची जवळची मैत्रीण तुटली होती. आईवडील तिला एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरवतात, चमत्काराच्या शोधात. स्टेसीला चमत्कार नको असतो. तिला एका समंजस डॉक्टरनं तिच्या आईवडिलांना गप्प बसवायला हवं असतं, आणि ते ती स्वतः जमवून आणते. झटका आहे, पण कथा त्यावर उभी नाही. ती मुलीच्या आणि आईबापांच्या भीतीमधल्या फरकावर उभी आहे. आईबापांची भीती भविष्याची, मुलीची उद्याच्या मधल्या सुट्टीची.

'पर्पल हार्ट्स' (२०२२) तुमच्यापैकी अनेकांनी फोनवर पाहिला असेल. नायिका कॅसीला टाइप वन आहे, अमेरिकेत इन्शुलिन परवडत नाही, म्हणून ती सैनिकी विम्यासाठी एका मरीनशी खोटं लग्न करते. प्रेमकथा म्हणून सिनेमा बेताचाच, राजकारण त्याहून बेताचं. पण सुरुवातीला तिचा जो पैशांचा हिशोब चालतो, तो खरा आहे. जाचाला किंमत असते, रुपयांत किंवा डॉलरमध्ये, हे त्या फॉर्ममध्येही नाही. आपल्याकडे तर पट्टीचा खर्च बहुतेकांच्या खिशातूनच जातो. महिन्याच्या शेवटी आज तपासायचं की उद्या, हा वैद्यकीय प्रश्न नसतो. सिनेमा पुढे गाणी आणि प्रेमाकडे वळतो तसा डायबेटिस बऱ्यापैकी मागे पडतो. नायकाला वेळ नाही म्हणून आजारानं थांबावं, ही सोय फक्त पटकथेत मिळते.

अलीकडे नवं काहीतरी होतंय. पिक्सारच्या 'टर्निंग रेड'मध्ये (२०२२) मागच्या गर्दीत एका मुलीच्या दंडावर ग्लुकोज सेन्सर दिसतो. २०२५ साली सेन्सर आणि पंप लावलेली बार्बी आली. लहान मुलींना याचा आनंद झाला असेल आणि तो मी कमी लेखणार नाही. पण दिसणं आणि सांगितलं जाणं यात फरक आहे. सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा पाठवतो असं धरलं, तर दिवसाला २८८ आकडे. फोनवर रेघ, रेघेवर बाण, रात्री अडीचला अलार्म. आईच्या फोनवरही तीच रेघ. कॉलेजच्या कँटीनमध्ये बसलेल्या मुलाला घरून मेसेज येतो, "आत्ता काय खाल्लंस?" यंत्रामुळे जीव वाचतात, खरोखर वाचतात. आणि त्याच यंत्रामुळे सूनबाई आता दिवा लावून मागे उभ्या राहत नाहीत, त्या कायमच्या खिशात असतात. यावर मराठीत कुणी एकांकिका लिहिली, तर मी पहिल्या रांगेचं तिकीट काढीन.

फॉर्मवर माझा शेवटचा आक्षेप पंधराव्या मुद्द्याला आहे. आपल्या डॉक्टरबद्दल असमाधान वाटतं का, असं तो विचारतो. हा कागद बहुतेक वेळा त्याच डॉक्टरच्या दवाखान्यात, त्याच्याच माणसाच्या हातून मिळतो आणि त्याच्याच टेबलावर परत जातो. चारला गोल कोण करणार? आपल्याकडे तर आधी कागद मिळायला हवा. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत डिस्ट्रेसची विचारपूस करावी असं सांगितलेलं आहे. ओपीडीत बाहेर चाळीस लोक बसलेले असताना ती कोण करणार, हे तिथे सांगितलेलं नाही. मला ज्या डॉक्टरांकडे लहानपणी नेत, ते फाइल उघडायचे, आकडा वाचायचे आणि आईकडे बघायचे. माझ्याकडे नाही. वाईट माणूस नव्हते ते. त्यांना फक्त आकडा वाचता येत होता.

त्याच काळात मला एक वही मिळाली होती, शुगर लिहून ठेवायची. तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर, डोस, असे रुंद रकाने आणि शेवटी एक अगदी अरुंद रकाना, 'शेरा'. जेमतेम एक शब्द मावेल एवढा. डॉक्टरांनी तो कधी वाचला असेल असं वाटत नाही. हा लेख लिहिताना मी त्या वह्या काढल्या. शेऱ्यात 'ताप' आहे, 'गणपती' आहे, 'गणिताचा पेपर' आहे, 'पंगत उशिरा' आहे, 'लोकल बंद' आहे, दोनदा 'भांडण' आहे, एकदा नुसतंच प्रश्नचिन्ह. आणि एका पानावर सलग नऊ दिवस एकच शब्द आहे, 'कंटाळा'. त्या नऊ दिवसांचे आकडे मात्र उत्तम आहेत.